रिस्टोअर केलेल्या जुन्या मिनीबाईक ऑनलाइन घेताना: अस्सलपणा आणि किंमत यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे कोणत्या गाड्यांचा विचार केला आहे?

लहान चाकांच्या, ठेंगण्या बांध्याच्या जुन्या दुचाक्यांचा. गोव्यात विक्रीला येणाऱ्या अशा गाड्यांमध्ये सर्वाधिक मागणी एस्कॉर्ट्स कंपनीच्या राजदूत जीटीएस १७५ या गाडीला आहे. १९७३ साली प्रदर्शित झालेल्या ‘बॉबी’ या हिंदी चित्रपटात ती दिसली, चित्रपटाची नायिका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातील होती, आणि तेव्हापासून गाडीलाही ‘बॉबी’ हेच नाव चिकटले. तिच्या जोडीने एन्फील्डची २०० सीसी टू-स्ट्रोक मिनी बुलेट अधूनमधून दिसते. तिसरा गट परदेशी गाड्यांचा आहे. त्यात होंडाची मंकी आणि डॅक्स यांचा समावेश होतो, आणि सर्वांत जास्त फसवणूक याच गटात होते. लुना आणि सुवेगा या मोपेड आहेत, परंतु त्यांच्याबाबतही पुढील बहुतेक उत्तरे लागू पडतात.

‘ओरिजिनल’ आणि ‘रिस्टोअर केलेली’ या दोन्ही गोष्टी एकाच गाडीबद्दल खऱ्या असू शकतात का?

काही अंशी असू शकतात, मात्र विक्रेत्याने कोणता भाग मूळचा आणि कोणता नवा हे सांगितले पाहिजे. कारखान्यातून निघालेली चेसिस (गाडीचा सांगाडा), तिचेच इंजिन, मूळ टाकी आणि मूळ मडगार्ड असलेली गाडी नव्याने रंगवली, तिचे वायरिंग बदलले, पिस्टन बदलला, तर ती अस्सल गाडीच राहते. याउलट तीन भंगार गाड्यांचे भाग एकत्र करून, त्यांतील एकीची कागदपत्रे जोडून उभी केलेली गाडी दिसायला कितीही देखणी असली तरी तिला अस्सल म्हणता येणार नाही. जाहिरातीत ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असे लिहिलेले असते तेव्हा हा फरक मुद्दाम पुसलेला असतो, आणि तो पुन्हा उघड करून घेणे हेच खरेदीदाराचे पहिले काम आहे. टाकी नवी आहे, सायलेन्सर दुसऱ्या गाडीचा आहे, असे स्वतःहून सांगणाऱ्या विक्रेत्याची गाडी, सर्व काही मूळचेच असल्याची ग्वाही देणाऱ्याच्या गाडीपेक्षा जास्त विश्वासार्ह मानावी, असे माझे ठाम मत आहे.

‘पोर्तुगीज काळातील मिनीबाईक’ अशी जाहिरात दिसल्यास काय समजावे?

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यापूर्वीच्या वर्षांत येथे युरोपातून आणि जपानहून बराच माल येत असे, त्यामुळे जुन्या घरांत परदेशी वस्तू सापडतात हे खरे आहे, आणि नेमका याच आठवणीचा फायदा अशी जाहिरात उठवते. परंतु वर्षे ताडून पाहावीत. होंडाने मंकीचे पहिले रूप १९६१ मध्ये तयार केले ते तोक्योजवळच्या तामा टेक या मनोरंजन उद्यानातील खेळगाडी म्हणून. जपानमध्ये रस्त्यावर चालवण्यासाठीची झेड५०एम ही मंकी १९६७ साली बाजारात आली. डॅक्स १९६९ ची आहे. राजदूत जीटीएस तर १९७० च्या दशकातील भारतीय गाडी आहे. म्हणजेच यांपैकी कोणतीही गाडी पोर्तुगीज अमदानीत मांडवीच्या धक्क्यावर उतरलेली असू शकत नाही. असा दावा करणाऱ्या विक्रेत्याची नियत वाईट असेलच असे नाही, कित्येकदा तो ऐकीव माहितीच पुढे सांगत असतो. मात्र त्या दाव्यापोटी एक रुपयाही वाढवून देऊ नये.

नोंदणी क्रमांकावरून गाडीचा इतिहास कळतो का?

बराचसा कळतो. गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश असताना येथील वाहनांचे क्रमांक ‘जीडी’ या अक्षरांनी सुरू होत. सध्याची ‘जीए’ मालिका देशभरात नवी क्रमांकपद्धती आली तेव्हाची आहे. त्यामुळे १९७० च्या दशकातील गाडीवर जीडी मालिकेतील क्रमांक आणि त्याच क्रमांकाची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, असेल तर गाडी गोव्यातच नोंदलेली होती असे मानायला आधार मिळतो. तितक्याच जुन्या गाडीवर ‘जीए’ क्रमांक असेल तर ती बाहेरून आणून येथे नव्याने नोंदली गेली असावी, किंवा तिचा क्रमांक मध्येच बदलला असावा. दोन्ही गोष्टी कायदेशीर असू शकतात. फक्त त्यामागची कागदपत्रे मागावीत.

एक बाब विशेषतः गोव्यातील खरेदीदारांनी पाहावी. येथे मोटरसायकल पायलटांची, म्हणजे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या दुचाकीस्वारांची, मोठी परंपरा आहे, आणि भाड्याने देण्याच्या दुचाक्याही पुष्कळ आहेत. एखादी जुनी गाडी पूर्वी अशा व्यावसायिक नोंदणीखाली असेल तर ती खासगी वापरात रीतसर बदलली गेली आहे का, हे आरसीवरील वाहनवर्गाच्या नोंदीत तपासावे. पिवळा मडगार्ड काळ्या रंगाखाली झाकला गेला तरी ती नोंद आपोआप बदलत नाही.

चेसिस आणि इंजिन क्रमांक कसे तपासावेत?

या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा. परिवहन कार्यालयात चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला छाप लागतो, हे जुन्या गाड्यांचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तोच छाप विक्रेत्याकडून आधी मागावा: क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची आणि त्या कागदाचे छायाचित्र पाठवायचे. रंगाने बुजलेला, कानशीने घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक साध्या छायाचित्रात लपतो. छापात अक्षरांची खोली, त्यांमधील अंतर आणि ओळीचा सरळपणा स्पष्ट दिसतो. कारखान्यातील ठसा साधारणपणे एकसारख्या दाबाचा असतो. हाताने ठोकलेल्या आकड्यांमध्ये एखादा आकडा कललेला, एखादा खोल, एखादा उथळ असतो, आणि आजूबाजूचा पत्रा किंचित खोलगट झालेला असतो. तिथे वेल्डिंगची रेघ किंवा वेगळा चिकटवलेला पत्रा आढळला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

राजदूत जीटीएसबाबत एक अडचण आहे. तिचे १७३ सीसीचे इंजिन आणि तीन गिअरांची पेटी ही साध्या राजदूत १७५ चीच होती, आणि ती राजदूत पोलंडच्या एसएचएल एम११ या गाडीवर आधारलेली होती. त्यामुळे बॉबीत साध्या राजदूतचे इंजिन सहज बसते, तिचे सुटे भागही अजून मिळतात, आणि म्हणूनच इंजिन व्यवस्थित चालते यावरून गाडी अस्सल असल्याचे सिद्ध होत नाही. अस्सलपणा ठरतो तो चेसिसवरून, आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळतो की नाही यावरून. इंजिन बदललेले असून ती नोंद आरसीवर करून घेतलेली असेल तर तो दोष नाही, मात्र त्यामुळे किंमत कमी व्हायला हवी. नोंद केलेली नसेल तर पुढे हस्तांतरणाच्या वेळी तुम्हालाच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

होंडा मंकी खरी की नक्कल, हे घरबसल्या ओळखता येते का?

पुष्कळ वेळा येते. चेसिस क्रमांकाच्या सुरुवातीला मॉडेलची अक्षरे असतात, जसे ‘झेड५०ए’ किंवा ‘झेड५०जे’, आणि इंजिन क्रमांकात त्यापुढे ‘ई’ हे अक्षर येते. नक्कल गाड्यांच्या इंजिनावर बहुधा ‘१३९एफएमबी’ किंवा ‘१५२एफएमएच’ अशा धाटणीचा क्रमांक कोरलेला असतो. ही चिनी कारखान्यांची सर्वसाधारण पद्धत आहे: पहिला आकडा सिलिंडरांची संख्या सांगतो, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतील व्यासाचे, मिलिमीटर सांगतात, आणि शेवटच्या अक्षरावरून इंजिनाची क्षमता कळते. खऱ्या मंकीचा बोअरही ३९ मिलिमीटरचाच आहे, त्यामुळे माप जुळल्याने भुलू नये. क्रमांकाची धाटणी पाहावी.

सांगितलेले वर्ष आणि गाडीची रचना यांचाही मेळ बसवावा. १९६७ च्या झेड५०एम ला पुढे-मागे कुठेच सस्पेन्शन नव्हते, चाके ५ इंचांची होती आणि मोटारीच्या डिकीत मावावी म्हणून हँडल दुमडता येत असे. त्यानंतरच्या झेड५०ए मध्ये ८ इंचांची चाके आणि पुढचे सस्पेन्शन आले. मागचे सस्पेन्शन त्याहीनंतर, १९७० च्या दशकात मिळू लागले. म्हणून ‘१९६८ ची मंकी’ या मथळ्याखाली मागे शॉक अॅब्सॉर्बर असलेली गाडी दिसली, तर एक तर वर्ष चुकीचे आहे किंवा गाडी जुळवाजुळव करून बनवलेली आहे.

५० सीसीच्या आतील गाडीला नोंदणी लागत नाही, हे खरे आहे का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत ती चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहने. ४९ सीसीची मंकी रस्त्यावर आणायची तर नोंदणी, विमा आणि परवाना तिन्ही हवेत. ५० सीसीची जी सवलत लोकांच्या लक्षात राहिली आहे ती १६ व्या वर्षी मिळणाऱ्या विनागिअर गाडीच्या परवान्याबद्दलची आहे. नोंदणीशी तिचा संबंध नाही. परदेशी गाडी असल्यास सीमाशुल्क भरल्याचा पुरावा, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, मागावा. तो नसेल तर ती गाडी दिवाणखान्यात ठेवण्याची वस्तू आहे असे समजूनच तिची किंमत करावी.

समुद्राकाठच्या हवेचा परिणाम रिस्टोअर केलेल्या गाडीत कुठे शोधावा?

गोव्याच्या किनारपट्टीत खारी हवा वर्षभर असते आणि जूनपासून चार महिने मुसळधार पाऊस. या दोहोंत उघड्यावर राहिलेली गाडी बाहेरून गंजण्याआधी आतून गंजते, आणि रिस्टोरेशनचा चकचकीत रंग बाहेरच्या गंजावरच उपाय करतो. म्हणून जिथे रंगाचा फवारा पोहोचत नाही तिथे पाहावे: सीटखालचा चेसिसचा भाग, बॅटरीच्या पेटीचा तळ, मडगार्डची आतली बाजू, स्पोकच्या टोकांवरील निपल आणि रिमची टायरखालची कड. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून मोबाईलच्या उजेडात तळ दाखवायला सांगावे. आत तांबूस भुकटी असेल तर कार्बोरेटर वारंवार तुंबणार हे नक्की. आत नुकताच लेप दिलेला असेल तर तो का द्यावा लागला, हे विचारावे.

पत्रा गंजून भोके पडली की काही ठिकाणी नवा पत्रा जोडण्याऐवजी लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला जातो. हे ओळखायला लहानसे चुंबक फडक्यात गुंडाळून टाकीवर आणि मडगार्डवर फिरवावे. चांगल्या पत्र्यावर ते सगळीकडे सारखेच ओढले जाते. लांबीचा जाड थर असेल तिथे पकड सैल होते, आणि फायबरच्या मडगार्डवर मुळीच बसत नाही. अर्थात सपाटीसाठी दिलेला लांबीचा पातळ हात प्रत्येक चांगल्या कामात असतो, त्याला दोष देऊ नये. हँडलच्या मुळाशी, म्हणजे चेसिसचे नळ जिथे एकत्र येतात तिथे, वेल्डिंगचे नवे डाग दिसत असतील तर गाडी कधीतरी जोरात आदळलेली असू शकते. लहान चाकांच्या गाडीत चेसिसचा थोडासा वाकही चालवताना लगेच जाणवतो, म्हणून मागून सरळ रेषेत घेतलेले छायाचित्र मागावे आणि दोन्ही चाके एका ओळीत आहेत का ते पाहावे.

क्रोमबाबत एवढेच, की खड्डे पडलेल्या धातूवर नुसता मुलामा चढवला असेल तर गोव्यात तो फार पावसाळे टिकत नाही. चांगल्या कामात आधी धातू घासून गुळगुळीत केलेला असतो.

चालू इंजिनाचा व्हिडिओ पुरेसा आहे का?

थंड इंजिन पहिल्यांदा चालू करतानाचा, मध्ये न तोडलेला व्हिडिओ असेल तर उपयोगी आहे. सुरुवातीला इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याचे दाखवायला सांगावे. टू-स्ट्रोक गाडीतून सुरुवातीला धूर निघणे स्वाभाविक आहे, कारण तेल पेट्रोलबरोबर जळतच असते. मात्र इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला किंवा अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग उतरला नाही, तर क्रँकचे ऑइल सील गेलेले असण्याची शक्यता असते. सिलिंडर किती वेळा बोअर केला (आतून घासून रुंद केला) आहे, सध्या कोणत्या मापाचा पिस्टन आहे, हे विचारावे. ज्याने काम खरोखर करून घेतले आहे त्याला याचे उत्तर तोंडपाठ असते, किंवा निदान बिलावर तरी सापडते. शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेला सिलिंडर म्हणजे पुढच्या दुरुस्तीला नवी स्लीव्ह बसवण्याचा खर्च.

शक्य असेल तर गाडी प्रत्यक्ष पाहावी आणि सोबत जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर हात बसलेला एखादा मेस्त, म्हणजे कारागीर, न्यावा. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली येथे अशी माणसे अजून आहेत. ते इंजिनाचा आवाज ऐकून जे सांगतात ते छायाचित्रांतून कधीच कळणार नाही, आणि त्यांच्या अर्ध्या दिवसाची मजुरी देताना हात आखडता घेऊ नये.

५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते का? त्याने किंमत वाढते का?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज वाहन म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून प्रमाणपत्र १० वर्षांसाठी असते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; आधीच नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. सर्वांत आधीच्या जीटीएस आता या वयात पोहोचल्या आहेत.

दोन गोष्टी मात्र जाहिरातीत सांगितल्या जात नाहीत. पहिली, अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच ती चालवता येते. सकाळी मिरामारला फेरफटका मारायचा असेल तर साधी, नूतनीकरण केलेली नोंदणीच बरी. दुसरी, ज्या रिस्टोरेशनमध्ये चेसिस कापली गेली किंवा वेगळेच इंजिन बसवले गेले, त्या गाडीला या वर्गात प्रवेश मिळणे कठीण आहे. ‘व्हिंटेज नोंदणी होऊ शकते’ या आश्वासनाला किंमत नाही. झालेल्या नोंदणीला आहे.

मग योग्य किंमत ठरवायची कशी?

जाहिरातींमध्ये दिसणारे आकडे हे मागणीचे आकडे असतात. महिनोन्‌महिने तीच गाडी त्याच किमतीला झळकत असेल तर तो बाजारभाव नव्हे, ती विक्रेत्याची इच्छा आहे. गोव्यातील किमती पर्यटन हंगामात आणि पर्यटकांकडे पाहून फुगवलेल्या असतात, म्हणून कोल्हापूर, बेळगाव, पुणे येथील त्याच मॉडेलच्या जाहिरातीही काही आठवडे पाहाव्यात आणि कोणत्या गाड्या खरोखर विकल्या गेल्या, याची विक्रेत्यांकडे विचारणा करावी.

विक्रेते बहुधा रिस्टोरेशनची सगळी बिले पुढे ठेवतात आणि गाडीच्या खरेदीत ती बेरीज मिळवून भाव सांगतात. हा हिशेब मान्य करू नये. खर्च किती झाला यावर किंमत ठरत नाही. त्या खर्चातून गाडीत टिकाऊ असे काय आले, यावर ठरते. मी स्वतः याच्या उलट दिशेने जाणे योग्य मानतो. त्याच मॉडेलची, कागदपत्रे स्वच्छ असलेली, जुळते क्रमांक असलेली, चालू स्थितीतील पण न रंगवलेली गाडी कितीला मिळते ते आधी काढावे. मग समोरच्या गाडीत जे मूळचे भाग गायब आहेत ते मिळवायला येणारा खर्च वजा करावा, आणि चांगल्या कामाचे मोल त्यात मिळवावे. इंजिनाचे साधे भाग मिळतात, त्यामुळे त्यांची वजाबाकी लहान असते. मूळ टाकी, मूळ मडगार्ड, मूळ मीटर, मूळ बोधचिन्हे हे भाग सहज मिळत नाहीत, आणि बॉबीची खरी किंमत त्यांतच आहे. न रंगवलेली पण पूर्ण गाडी मिळत असेल तर मी ती चकचकीत पण अपुऱ्या गाडीच्या आधी घेईन: मूळ रंगाचा थर एकदा घासून काढला की पैसे देऊनही परत येत नाही.

रंगाविषयी एक जोड. रिस्टोरेशनमध्ये बदललेला रंग आरसीवर नोंदलेला असला पाहिजे. नसेल तर भाव करताना तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

गाडी परराज्यात असेल तर?

मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० सह्यांनिशी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडीवर कर्जाची नोंद असल्यास ती रद्द करण्याचा नमुना ३५ देखील हवा. गाडी गोव्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर येथील क्रमांक घ्यावा लागतो आणि कर भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरावा. गाडी ट्रकने येणार असेल तर पत्रादेवी, मोले किंवा पोळे येथील तपासणीच्या वेळी दाखवण्यासाठी आरसीची प्रत आणि विक्रीचा करार चालकाजवळ असावा.

फार जुन्या गाड्यांची नोंद ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत कधीकधी दिसत नाही, कारण हस्तलिखित नोंदवह्या संगणकावर चढवायच्या राहून गेलेल्या असतात. त्यामुळे गाडी बनावट ठरत नाही. मात्र ती नोंद चढवून घेण्याचे काम विक्रेत्याने आधी पूर्ण करावे, असा आग्रह धरावा.

आगाऊ रक्कम मागितल्यास द्यावी का?

गाडी न पाहता देऊ नये. लष्करात असल्याचे सांगून, बदली झाल्यामुळे स्वस्तात विकतो असे म्हणून, गाडी पार्सलने पाठवण्याचे पैसे आधी मागणे हा जुना आणि अजूनही चालणारा प्रकार आहे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे परतावा मिळेल, असे सांगणारा माणूस तुमच्या खात्यातून पैसे काढत असतो. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

खरेदीनंतर गाडी सांगितल्याप्रमाणे नसल्याचे आढळले तर?

विक्रेता गाड्या रिस्टोअर करून विकण्याचा व्यवसाय करत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क नाही. एखाद्या खासगी व्यक्तीने घरची एक गाडी विकली असेल तर हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो, आणि चुकीची माहिती देऊन करार केला या आधारावर दिवाणी दावा करावा लागतो. दोन्ही बाबतींत जाहिरातीची प्रत, संदेशांतील संभाषण आणि विक्रीचा लेखी करार हाच पुरावा असतो, म्हणून जाहिरात काढून टाकली जाण्यापूर्वीच तिचे स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि करारात चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक व मूळ नसलेल्या भागांची यादी लिहून घ्यावी. क्रमांकच बदललेला आढळला तर मात्र प्रकरण ग्राहक तक्रारीपुरते राहत नाही. गाडी चोरीची असू शकते, तेव्हा ती न चालवता थेट पोलीस ठाण्यात कळवावे.

विमा कितीचा उतरवावा?

तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा असल्यास, ५ वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्या वाटाघाटीत रिस्टोरेशनपूर्वीची छायाचित्रे, सुट्या भागांची बिले आणि जुळत्या क्रमांकांची आरसी उपयोगी पडते; ती विक्रेत्याकडून गाडीबरोबरच मागून घ्यावी.